लॅपटॉप, १२०२ आणि काचेखालची यादी

परवा लॅपटॉप पुन्हा रुसला. एक अक्षर टाईप करावं आणि ते उमटेपर्यंत चहा पिऊन यावं, अशी गत. पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. नातवाने टास्क मॅनेजर उघडला. "आजी, प्रोसेसर १०० टक्के! दोन-दोन अँटीव्हायरस कशाला ठेवलेस?" एका म्यानात दोन तलवारी! एक काढला आणि गाडी रुळावर आली. नवा लॅपटॉप घ्यायचे पैसे वाचले.

मला मात्र १२०२ आठवला.

२१ जुलै १९६९. आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते तेव्हा आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. मी तेव्हा बी.ए.ला होते. मुंबईत टीव्ही यायला १९७२ उजाडायचं होतं, त्यामुळे आमची सगळी भिस्त रेडिओवर. उतरण्याआधी किती जिवावर बेतलं होतं, हे मला फार वर्षांनी वाचायला मिळालं.

यानातला संगणक सुमारे ३२ किलोचा आणि कामापुरती स्मृती जेमतेम ४ केबी. मंडळी, हा लेखसुद्धा तिच्यात मावणार नाही! चंद्र सुमारे १० किलोमीटरवर राहिला असताना इशारा झळकला, १२०२. अर्थ असा की कामं फार झाली, नवीन काम ठेवायला जागा नाही. उतरायचं की परत फिरायचं, हे ह्यूस्टनमधल्या २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सने सांगायचं होतं.

काही दिवसांपूर्वीच सरावात असाच इशारा आला होता आणि बेल्सने उतरणं थांबवलं होतं. ती चूक ठरली. मग जीन क्रान्झ यांनी सगळ्या इशाऱ्यांचा अभ्यास करायला लावला. जॅक गार्मन या २४ वर्षांच्या मुलाने हाताने यादी लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवली. (आमच्या स्टाफरूममध्ये वेळापत्रक असायचं तसं!) आता मागच्या खोलीतून तोच म्हणाला, इशारा सारखा येत नसेल तर हरकत नाही. बेल्सने होकार दिला. पुढेही इशारे आलेच, एकूण १२०२ चार वेळा आणि १२०१ एकदा.

दोष कुठे होता? परतताना मुख्य यान गाठण्यासाठी लागणारं रडार चालूच होतं. त्याच्या आणि संगणकाच्या वीजपुरवठ्याचा मेळ बसत नव्हता, म्हणून ते सेकंदाला हजारो निरर्थक ठोके पाठवत होतं. वर्गात एखादा पोरगा विचारायचं काही नसताना सारखं "बाई, बाई" करतो ना, तसं! संगणकाचा १० ते १५ टक्के वेळ त्यातच जाई. उतरण्याच्या कामानेच तो जवळजवळ भरलेला. त्यात ऑल्ड्रिननी पडद्यावर एक जादा आकडा मागितला की भांडं उतू जाई.

पण संगणक कोलमडला नाही. हॅल लेनिंग यांनी प्रत्येक कामाला अग्रक्रम देण्याची योजना केली होती आणि सॉफ्टवेअरच्या चमूच्या प्रमुख होत्या मार्गारेट हॅमिल्टन. ओझं वाढलं की संगणक क्षणात स्वतःला नव्याने सुरू करी, किरकोळ कामं टाकून देई आणि इंजिन व दिशा सांभाळण्याचं काम होतं तिथून पुढे नेई. आमचा लॅपटॉप नेमकं उलटं करतो, पण ते असो.

यान उतरल्यावर अभियंत्यांनी रडारचा दोष शोधला आणि परतीच्या उड्डाणाआधी दोघांना निरोप गेला, ते रडार बंद ठेवा.