संगणक परवानगी का मागतो? एका छोट्या चौकटीचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित आधार संपला. देशभरातील प्रयोगशाळा, महाविद्यालये आणि कार्यालये तेव्हापासून एकाच कामात गुंतली आहेत : नवी प्रणाली बसवायची आणि मग जुने सॉफ्टवेअर का चालत नाही, याचा शोध घ्यायचा. पडद्यावर वारंवार एक चौकट येते : ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?’ आपण बहुधा न वाचताच ‘होय’ दाबतो. या चौकटीला साठ वर्षांची पार्श्वभूमी आहे. ती मला ठाऊक असती, तर संशोधनाच्या काळातील माझे नऊ दिवस वाचले असते.

एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला, तेव्हा मी पीएच.डी. करीत होतो. आमच्या वर्णपटमापकाचा संगणक आम्ही विंडोज ७ वर नेला. उपकरणाचा प्रोग्राम जुना, ३२ बिटचा होता. सुदैवाने तो चालला. मी पाऱ्याच्या दिव्याची ५४६.०७ नॅनोमीटरची हिरवी रेषा वापरून नवे अंशशोधन केले. पुढे माझ्या कनिष्ठ सहकारी विद्यार्थिनीने त्याच नमुन्याचा वर्णपट घेतला, तेव्हा तिची शिखरे माझ्यापेक्षा सुमारे ०.८ नॅनोमीटर सरकलेली आढळली. नमुना तोच, यंत्र तेच, प्रोग्रामही तोच. फरक इतकाच, की ती स्वतःच्या खात्यातून लॉगिन करीत असे. नमुना, जाळी, खोलीचे तापमान, सारे तपासून झाले. अखेर मी तिच्या हाताळणीवरच संशय घेतला. आजही त्याचा संकोच वाटतो.

उलगडा योगायोगाने झाला. प्रोग्राम मध्येच अडकला, म्हणून कोणीतरी सुचवले, “ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पाहा.” मी तसे केले आणि माझेही शिखर सरकून तिच्या जागी जाऊन बसले. परवानगी बदलली आणि वर्णरेषा हलली! भौतिकशास्त्राच्या कोणत्याही नियमात न बसणारी ही घटना समजून घेण्यासाठी मागे जावे लागते.

आरंभीच्या संगणकांपुढे परवानगीचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकवर एका वेळी एकच प्रोग्राम चाले. यंत्र त्या वेळेपुरते त्याचेच. प्रश्न निर्माण झाला तो एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्यातून. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने १९६१ मध्ये सीटीएसएस ही कालविभागणी प्रणाली दाखवली आणि पासवर्ड आले. पुढे याच प्रणालीवर दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली संपादित करीत होते. संपादकाची तात्पुरती फाइल दोघांना एकाच नावाची मिळाल्याने पासवर्डांची यादी आणि दिवसाचा संदेश यांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर सर्वांचे पासवर्ड उमटले. कोणी चोरी केली नव्हती. दोन प्रामाणिक माणसे एकाच जागी लिहीत होती, इतकेच. युनिक्सने या अनुभवांना सुटसुटीत रूप दिले : मालक, गट आणि इतर, तसेच वाचणे, लिहिणे आणि चालवणे. नऊ बिटांत फाइलीचा सारा हक्कनामा मावला.

घरगुती संगणकाने मात्र हा धडा बाजूला ठेवला. १९८१ च्या डॉसमध्ये मालक ही कल्पनाच नव्हती. जो यंत्रासमोर बसला, तोच मालक. २००१ मध्ये विंडोज एक्सपीने खात्यांची सक्षम व्यवस्था घरोघरी आणली. पण घरचे खाते सहसा सर्वाधिकारी ॲडमिनिस्ट्रेटरचेच असे. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक सवय जडली : सेटिंग, नोंदी, अंशशोधनाचे आकडे, सारे काही प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच लिहायचे. प्रोग्रामला हे अधिकार होते, म्हणजे चोरपावलांनी शिरलेल्या विषाणूलाही तेच अधिकार होते.

जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने ही सवय मोडायचे ठरवले. ‘यूजर अकाउंट कंट्रोल’ या व्यवस्थेत ॲडमिनिस्ट्रेटरचे प्रोग्रामही सामान्य अधिकारांनिशीच चालत. अधिक काही हवे असल्यास चौकट पुढे येई. लोक वैतागले. २००८ मध्ये एका सुरक्षा परिषदेत मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने मान्य केले, की वैताग आणणे हाही हेतूचा भाग होता. त्याखेरीज सॉफ्टवेअर निर्माते सुधारणार नव्हते. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार चौकट उभी करणाऱ्या वेगवेगळ्या प्रोग्रामांची आणि कामांची संख्या ऑगस्ट २००७ मध्ये ७,७५,३१२ होती. वर्षभरात ती १,६८,१४९ वर आली. वैताग कामी आला होता.

पण ज्यांचे निर्मातेच उरले नाहीत, अशा जुन्या प्रोग्रामांचे काय? त्यांच्यासाठी व्हिस्टाने एक सौम्य फसवणूक योजली. जुना ३२ बिट प्रोग्राम आपल्या फोल्डरमध्ये लिहू लागला, की प्रणाली त्याला नकार देत नाही. ती फाइल गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खात्यातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नामक फोल्डरमध्ये ठेवते. वाचतानाही आधी तिथेच पाहते. प्रोग्रामला वाटते, आपले काम झाले. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊन उघडल्यास मात्र ही फसवणूक थांबते आणि मूळ फाइल दिसते.

आमचे कोडे इथे सुटले. माझे नवे अंशशोधन माझ्याच खात्यात साठले होते. सहकारी विद्यार्थिनीला मूळ फोल्डरमधील जुनी फाइल मिळत होती आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडताच मलाही तीच मिळाली. एकाच यंत्राची दोन अंशशोधने आठवडेच्या आठवडे सुखाने नांदत होती. ऑपरेटिंग सिस्टिमने नेमून दिलेले कामच केले होते. चूक प्रोग्रामच्या जुन्या सवयीची आणि आमच्या गृहीतकाची होती. कच्च्या नोंदी जपून ठेवल्या होत्या, म्हणून मापने पुन्हा अंशशोधित करता आली. सहकारी विद्यार्थिनीची क्षमा मागणे हे त्यानंतरचे, पण तितकेच आवश्यक काम होते.

इतरांनी वेगळे मार्ग निवडले. अँड्रॉइडने २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, मायक्रोफोन, स्थान यांची परवानगी प्रत्यक्ष वापराच्या वेळी मागायला सुरुवात केली. तोवर ॲप बसवतानाच सर्व अटी एकगठ्ठा मान्य कराव्या लागत. ॲपलच्या संगणकांनी २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत ३२ बिट प्रोग्राम चालवणेच थांबवले आणि डेस्कटॉपवरील फाइली वाचण्यासाठीही परवानगी सक्तीची केली. तिथे फसवणूक नाही, सरळ नकार आहे. तो अधिक कठोर असला, तरी निदान दिसतो.

मग अपडेटच करू नये का? त्याचीही किंमत देशाने मोजली आहे. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका छिद्रावर दुरुस्ती उपलब्ध झाली. ती न बसवलेल्या संगणकांवर १२ मे रोजी वॉनाक्रायचा हल्ला झाला आणि आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्यात सापडले. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला आदेश काढावा लागला, की जून २०१९ पर्यंत देशातील सर्व एटीएम आधार असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यावीत.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अपडेटनंतर काही बिघडल्यास आधी बिघाडाचा प्रकार ओळखा. प्रोग्राम उघडतच नसेल किंवा उपकरण सापडत नसेल, तर प्रश्न सुसंगततेचा असतो : विंडोज ११ केवळ ६४ बिट आहे, त्यामुळे ३२ बिटचे ड्रायव्हर त्यावर चालणार नाहीत आणि कितीही परवानग्या दिल्या तरी उपयोग होणार नाही. प्रोग्राम चालतो, पण नोंदी हरवतात किंवा खात्यागणिक बदलतात, तर प्रश्न परवानगीचा असतो. अशा वेळी सर्वाधिकार देऊन मोकळे होऊ नका. तो कोणत्या फोल्डरमध्ये लिहू पाहतो, ते शोधा. मापने आणि अंशशोधन प्रोग्रामच्या फोल्डरबाहेर ठेवता येत असतील, तर तसे करा. दोन खात्यांतून एकच ज्ञात नमुना मोजून पाहा. आणि प्रयोगवहीत तापमानाशेजारी ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती व खात्याचे नावही लिहा.

ती चौकट विचारते तो प्रश्न वैज्ञानिकाला परका नाही : कोण, कुठे, कोणत्या अधिकाराने बदल करतो आहे? उत्तर देण्यापूर्वी एकदा वाचून पाहावी. तुमच्या प्रयोगशाळेत असा अनुभव आला असल्यास जरूर लिहा. कुणाचे तरी नऊ दिवस वाचतील.