दौंडवरून गेलेली गाडी आणि ४८ तासांचा प्रश्न

आजचा प्रश्न साधा आहे. सरकार माणसं ताब्यात घेतं, गाडीत किंवा विमानात बसवतं आणि लांब नेऊन ठेवतं, नाहीतर देशाबाहेर सोडतं. त्याची नोंद बाकीच्यांना बघायला मिळते का? विषय दूरचा वाटेल. पण यातली एक गोष्ट आपल्या दौंड जंक्शनवरून जाते आणि दुसरी शिरूरच्या घोडनदीपलीकडून येते.

पहिली गोष्ट ९ ऑगस्ट १९४२ची. आदल्या रात्री मुंबईत गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला होता. पहाटे धरपकड झाली आणि व्हिक्टोरिया टर्मिनसवरून एक खास गाडी सुटली. चिंचवडला गांधीजी, सरोजिनी नायडू, महादेवभाई देसाई यांना उतरवून आगाखान पॅलेसला नेलं. पुणे स्टेशनवर लोक जमले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, ते बघून नेहरूंनी डब्याच्या खिडकीतून फलाटावर उडी टाकली. त्यांना परत आत घातलं आणि गाडी पुढे निघाली.

आता बघा, पुण्याहून नगरला रेल्वेनं जायचं तर वाट दौंडवरूनच. दौंड-मनमाड मार्ग १८७८चा. त्या मार्गावर वळायला दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, हे इथल्या जुन्या प्रवाशांना सांगायला नको. म्हणजे ती गाडीही इथं थोडा वेळ उभी राहिली असणार. आत मौलाना आझाद, वल्लभभाई, नेहरू, आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव. फलाटावरच्या हमालाला यातलं काय कळलं असेल?

नगरच्या किल्ल्यात शेवटी बारा जण होते. त्यांना कुठं ठेवलंय हे सरकारनं जाहीर केलं नाही. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रं नाहीत, पत्रव्यवहार नाही. खटला तर कधीच चालला नाही. इकडे आगाखान पॅलेसमध्ये सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई वारले आणि त्यांच्यावर त्याच आवारात अंत्यसंस्कार झाले. पुढच्या एप्रिलमध्ये आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हा आझाद किल्ल्यातच होते. लंडनच्या मनात तर त्याहून लांबचा बेत होता. गांधीजींना एडनला आणि कार्यकारिणीला आफ्रिकेत पाठवायचं, यावर युद्धकाळातल्या मंत्रिमंडळात चर्चा झाली होती. तो बारगळला.

मात्र ही सगळी नावाजलेली माणसं होती. जागा लपवता आली, नावं लपवता आली नाहीत. आज ना उद्या कुणीतरी विचारणारच होतं. ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही त्याचं काय?

इथं कायद्याकडे वळू. १९४६चा परकीय नागरिक कायदा ब्रिटिशांच्या शेवटच्या काळातला. त्यात ‘मी परकीय नाही’ हे सिद्ध करायचा भार त्या माणसावरच टाकला होता. हा कायदा जाऊन सप्टेंबर २०२५पासून नवा लागू झाला, भार तिथंच राहिला. बरं, पुरावा माणसानंच द्यायचा, तर त्याला वेळ हवा, फोन हवा, गावाकडून कागद मागवता यायला हवेत. मे २०२५मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं संशयितांची पडताळणी करायला राज्यांना ३० दिवसांची मुदत दिली. पुढच्याच महिन्यात असं झालं की महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं गेलं. नंतर त्यांच्या राज्यानं कागद दाखवले आणि त्यांना परत आणावं लागलं. ते भारतीयच होते. चूक उघड झाली, कारण घरचे लोक आणि पंचायत मागे लागली. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ इथं असे किती मजूर राहतात, तुम्ही रोज बघता.

याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवू. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत महाराष्ट्राचे तिघं होते. दुसऱ्या दिवशी संसदेत गदारोळ झाला आणि परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत २००९पासूनचे वर्षवार आकडे मांडले. बेड्यांचा प्रश्नही तिथंच निघाला. आपल्या माणसांना दुसऱ्यानं कसं पाठवलं, हे आपण हक्कानं विचारलं. योग्यच केलं. तोच प्रश्न आपल्या गाड्या-विमानांबद्दलही विचारायला हवा की नको?

तो विचारायचं साधन शिरूरजवळच तयार झालंय. घोडनदीच्या पलीकडे पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्यासाठी अण्णा हजारे २००३ साली मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले. २००५ साली केंद्राचा कायदा आला. सीमा सुरक्षा दलासारख्या संस्थांना त्यातून सूट आहे, हे खरं. पण मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप असेल तर ती सूट चालत नाही, असं कलम २४ सांगतं. कलम ७ तर सांगतं की जीविताशी किंवा व्यक्तिस्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची.

देशाच्या सुरक्षेसाठी काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हे कुणीही मान्य करील. विमानाची वेळ आधी सांगू नका, चालेल. पण कोणाला नेलं, कोणत्या आदेशानं, कागद कोणी तपासले, घरी कळवलं का, हे लपवून सुरक्षा वाढत नाही. फक्त चूक सापडत नाही. १९४२च्या सरकारला आपण जबाब विचारू शकत नव्हतो, ते परक्यांचं होतं. आताचं आपलं आहे. त्यामुळे उद्या शेजारच्या खोलीतला मजूर एकाएकी दिसेनासा झाला, तर अर्ज करा आणि ४८ तास मोजायला लागा.