मजकूर एक, रूपे अनेक

खिळ्यांच्या छपाईच्या काळात संपादक हस्तलिखितावर लाल शाईने खुणा करीत असे: हे ठळक टाइपात, हे बारीक टाइपात. खिळेजुळारी त्याप्रमाणे खिळे जुळवी. संगणक आल्यावर या खुणा थेट मजकुरातच शिरल्या, पण ज्या त्या यंत्राच्या बोलीत. यंत्र बदलले की खुणा निकामी होत आणि त्या वेचून काढणे महाजिकिरीचे होई.

१९६७ साली विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात बोलताना आशय आणि त्याचे दृश्य रूप वेगळे ठेवावे, असा विचार मांडला. १९६९ मध्ये आयबीएममधील गोल्डफार्ब (हे गृहस्थ मूळचे वकील!), मोशर आणि लॉरी यांनी त्याला प्रत्यक्ष भाषेचे रूप दिले. 'ठळक' अशी खूण करायचीच नाही. 'शीर्षक' अशी करायची. जीएमएल हे तिच्या नावातले संक्षेपही या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे. पुढे १९८६ मध्ये एसजीएमएल आणि १९९८ मध्ये एक्सएमएल आली.

आता शीर्षक दिसणार कसे? ते सांगणारी नियमांची फाईल वेगळी असते. तिला स्टाइलशीट म्हणतात. त्यासाठीची एक्सएसएलटी ही भाषा नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रमाणित झाली. तिचे संपादक जेम्स क्लार्क. तांत्रिक पुस्तकांसाठीच्या डॉकबुक या खूणपद्धतीकरिता नॉर्मन वॉल्श यांनी असा तयार नियमसंच रचला. पुढे इतरांनीही त्यात भर घातली.

पण तयार कपडा सर्वांना कुठे नेमका बसतो? समजा, आपल्याला पुस्तकातल्या उपविभागांना क्रमांक हवे आहेत. मूळ फाईल उघडून तिथेच बदल करण्याचा मोह होतो. तो आम्हालाही झाला होता. संचाची नवी आवृत्ती आली आणि आमचे सारे बदल पुसले गेले!

खरी युक्ती भाषेतच आहे. आपली छोटी फाईल करायची, तिच्या आरंभीच 'इंपोर्ट' आज्ञेने मूळ संच आयात करायचा आणि खाली फक्त आपले बदल लिहायचे. एकाच घटकासाठी दोन नियम आढळले, तर आयात करणाऱ्या फाईलमधला वरचढ ठरतो. क्रमांकांसाठी तर नियमही लिहावा लागत नाही, 'सेक्शन.ऑटोलेबल' या चलाची किंमत ० ऐवजी १ केली की झाले.

जिथे असे चल नाही, तिथे मात्र मूळ नियम उतरवून घेऊन बदलावा लागतो. मग मूळ संचातली चूक पुढे दुरुस्त झाली, तरी आपल्या प्रतीत ती तशीच राहते.