उमेदवारी

'उमेदवार' म्हटले की हल्ली डोळ्यांसमोर येतो तो निवडणुकीच्या फलकावरचा, हात जोडून उभा असलेला माणूस. पण या शब्दाचा एक जुना अर्थ आहे. काम शिकण्यासाठी कुणाच्या तरी हाताखाली राहणारा, एक दिवस हे काम आपल्यालाही येईल अशी उमेद धरणारा तो उमेदवार. सरकारी मराठीने हा अर्थ अजून जपला आहे. १९६१ च्या कायद्यातले 'शिकाऊ उमेदवार' एसटीच्या वर्कशॉपमध्ये अजूनही दिसतात. त्या कायद्यात किमान वय १४ आहे, म्हणजे आपल्या आठवी-नववीचे. 'इंटर्नशिप' या शब्दाने मी जरा बिचकले होते. तिला 'उमेदवारी' म्हटले आणि ती एकदम ओळखीची वाटू लागली.

हा विषय डोक्यात शिरायला कारण आमच्याच गोतावळ्यात घडले. माझ्या पुतण्याची मुलगी दहावीत आहे. तिला इंजिनियरिंगच्या एका ऑनलाइन संशोधन इंटर्नशिपची माहिती मिळाली. घरी बसून संगणकावर दूरदेशीच्या मार्गदर्शकाबरोबर काम करायचे आणि शेवटी एक शोधनिबंध लिहायचा. फीचा आकडा ऐकल्यावर घरात दोन तट पडले. एक म्हणतो, "पोरगी हुशार आहे, पैशाकडे बघू नका." दुसरा म्हणतो, "दहावीच्या मुलीने कसले संशोधन करायचे? हे सगळे सर्टिफिकेटचे दुकान आहे." मग मला विचारणा झाली. आता मी बी.ए. झालेली, जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. इंजिनियरिंगचे मला काय कळणार? पण कुठलीही नवी गोष्ट समोर आली की ती आधी कुठे घडून गेली आहे का, हे शोधायची खोड मात्र आहे. शोधल्यावर जे सापडले ते सगळ्यांसाठीच लिहिते.

पहिली गोष्ट फीची. पैसे देऊन उमेदवारी करायची पद्धत अजिबात नवी नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मुलाला इंजिनियर करायचे तर त्याला एखाद्या कारखान्यात किंवा नामांकित इंजिनियरच्या हाताखाली ठेवत, आणि त्यासाठी पालक रक्कम मोजत. तिला म्हणत 'प्रीमियम'. आपल्याला प्रीमियम म्हटले की विमा आठवतो. तिथे तो मुलाच्या भवितव्याचाच विमा होता म्हणायचा!

हेन्री रॉइस हा अशांपैकीच एक. जन्म १८६३ चा. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले. पोराने वर्तमानपत्रे विकली, तारा पोचवल्या. १८७८ मध्ये त्याच्या एका आंटने (इंग्रजीत ही मोठी पंचाईत, आत्या की मावशी काही कळत नाही) वर्षाला २० पौंड भरायचे कबूल केले आणि त्याला पीटरबरो येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवार म्हणून घेतले गेले. पोरगा जीव ओतून शिकत होता. पण तीन वर्षांनी त्या बाईंचे पैसे संपले. पैसे संपले तशी उमेदवारीही संपली, पुरी न होताच. पुढे पडेल ते काम करत तो वर आला आणि १९०४ मध्ये चार्ल्स रोल्स नावाच्या तरुणाशी त्याची गाठ पडली. रोल्स-रॉइस गाडीचा रॉइस तो हाच.

ही गोष्ट दोन्ही तटांनी ऐकण्यासारखी आहे. त्या २० पौंडांनी रॉइसला खऱ्या इंजिनांजवळ नेले, हे खरे. वाया गेले नाहीत ते पैसे. पण जे दार पैशाने उघडले ते पैसे नसताना बंदही झाले, हेही तितकेच खरे. आणि असे दार कायमचे बंद झालेली, कुणीही आंट नसलेली किती मुले असतील, त्यांची नावे इतिहासात सापडत नाहीत.

दुसरी शंका असते अंतराची. समोर माणूस नाही, हाताला यंत्र नाही, मग शिकणार काय? याचे एक उत्तर मला रशियात सापडले. इस्रायल गेलफांड हे विसाव्या शतकातले फार मोठे गणिती. युक्रेनमधल्या एका छोट्या गावी १९१३ साली जन्मले. शाळाही धड पुरी करता आली नाही आणि कोवळ्या वयात मॉस्कोला आले. बहुधा म्हणूनच, गावोगावच्या मुलांसाठी त्यांनी १९६४ मध्ये मॉस्को विद्यापीठात पत्रद्वारा गणिताची शाळा काढली. मुलांकडे छोट्या पुस्तिका आणि प्रश्न टपालाने जात. मुले सोडवून वही परत पाठवत. विद्यापीठाचे विद्यार्थी ती वही तपासत, शेरे लिहीत आणि पुन्हा टपालात टाकत. एखाद्या शाळेतला मुलांचा गट आपल्या शिक्षकासह मिळून 'एक विद्यार्थी' म्हणूनही नाव नोंदवू शकत असे. ही कल्पना मला फारच आवडली. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, मॉस्कोच्या भौतिक-तंत्र संस्थेनेही शाळकरी मुलांसाठी अशीच पत्रद्वारा शाळा सुरू केली.

ज्यांनी वह्या तपासल्या आहेत त्यांना यातले मर्म लगेच कळेल. लाल शाईने बरोबर-चूक करणे निराळे आणि समासात "इथे तू असा विचार का केलास?" असे लिहिणे निराळे. ही एक ओळ वाचायला मूल पंधरा दिवस टपालाची वाट पाहते. त्याला अंतर आड येत नाही. वही कुणी वाचलीच नाही तर मात्र पहिल्या बाकावर बसलेले मूलही कोसभर दूर असते.

आता इंजिनियरिंगकडे येते. शाळकरी मुलांनी प्रश्न विचारायचे आणि ते थेट अवकाशात पाठवायचे, हा खटाटोप अमेरिकेच्या नासाने केला. १९७३ मध्ये जुडिथ माइल्स नावाच्या १७ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नासाठी स्कायलॅब या अवकाशस्थानकावर दोन कोळी नेले होते. अराबेला आणि अनिता त्यांची नावे. वजन नसेल तेव्हा कोळी जाळे विणू शकेल का, हा प्रश्न. (आधी वेडेवाकडे विणले, मग सरावाने जमले. थेट आपल्या पाचवीच्या मुलांचे अक्षर!) पुढे १९८० मध्ये नासाने विज्ञानशिक्षकांच्या संघटनेला बरोबर घेऊन स्पेस शटलसाठी शाळकरी मुलांची योजनाच सुरू केली.

त्या योजनेतला एक मुलगा जॉन वेलिंजर. इंडियाना राज्यातल्या लाफायेट गावचा. आठवीत असताना त्याच्या डोक्यात आले, कोंबडीची फलित अंडी अवकाशात नेली तर आतला गर्भ वाढेल का? प्रश्न ऐकायला गमतीचा वाटतो. पण विचार करा. माणूस कधी काळी पृथ्वीबाहेर राहणार असेल तर तिथे जीव जन्मणार कसा, हा त्यामागचा मोठा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधायचे तर यंत्र लागणार. अंडी उबवायची पेटी हवी, तीही अशी की उड्डाणाच्या प्रचंड हादऱ्यात अंडे फुटू नये, उष्णता बरोबर राहावी, हवेतला ओलावा राहावा. म्हणजे प्रश्न जीवशास्त्राचा आणि काम इंजिनियरचे.

नासाने प्रश्न निवडला, पण पेटी बनवायला पैसा आणि हात हवेत. तो पुरस्कर्ता कोण मिळावा? केंटकी फ्राइड चिकन! कोंबड्या तळून विकणारी कंपनी. हसू येते खरे, पण त्यांनी नुसते पैसे देऊन फोटो काढला नाही. आपल्या कंपनीतला मार्क ड्यूझर नावाचा इंजिनियर या मुलाच्या जोडीला दिला. वेलिंजर तोवर पर्ड्यू विद्यापीठात इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला पोचला होता. दोघांनी मिळून पेटी तयार केली. आठवीत पडलेला प्रश्न इतकी वर्षे त्याने सोडला नव्हता.

पेटी उड्डाणाला गेली ती चॅलेंजर यानातून, २८ जानेवारी १९८६ रोजी. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सातही जण गेले. त्यांत ख्रिस्टा मकऑलिफ होत्या, शाळेत समाजशास्त्रे शिकवणाऱ्या, म्हणजे माझ्याच विषयाच्या बाई. अवकाशातून मुलांना धडे देणार होत्या. त्या बातमीने जगभरच्या शिक्षकांच्या पोटात कसे तुटले असेल ते सांगायला नको. त्या सात माणसांपुढे अंड्यांच्या पेटीचे काय एवढे? पण त्या विशीतल्या मुलाची कित्येक वर्षे त्या पेटीत होती.

दोघांनी पुन्हा पेटी बांधली. मार्च १९८९ मध्ये डिस्कव्हरी यानातून ३२ अंडी वर गेली. निम्मी उड्डाणाच्या वेळी दोन दिवसांची, निम्मी नऊ दिवसांची. परत आल्यावर मोठ्या अंड्यांतून पिल्ले बाहेर आली, पहिल्या पिल्लाचे नाव ठेवले केंटकी. कोवळ्यांतले मात्र एकही जगले नाही. म्हणजे गर्भ रुजताना सुरुवातीच्या दिवसांतच काहीतरी अडते, असा नवा प्रश्न हाती आला. वेलिंजर आणि ड्यूझर यांनी १९८८ मध्येच अवकाशातील प्रयोगांची यंत्रे बनवणारी कंपनी काढली होती. पुढे ती टेकशॉट म्हणून ओळखली गेली आणि २०२१ मध्ये रेडवायर या कंपनीने विकत घेतली. मानवी ऊती छापू पाहणारे त्यांचे यंत्र २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले. कुठे आठवीतल्या मुलाचे अंडे आणि कुठे हे!

यानंतरची पायरी इंटरनेटची. अमेरिकेतल्या एमआयटीने २०१० मध्ये शाळकरी मुलांसाठी 'प्राइम्स' नावाची संशोधन योजना काढली. गणित, इंजिनियरिंग, विज्ञान हे शब्द तिच्या नावातच आहेत. काढणारे दोघेही, पावेल एटिंगॉफ आणि स्लाव्हा गेरोविच, सोव्हिएत शिक्षणात वाढलेले, त्यामुळे मला टपालातल्या वह्या आठवल्याशिवाय राहिल्या नाहीत. सुरुवातीला बॉस्टनच्या आसपासची मुले घेत. २०१३ पासून दूरच्या राज्यांतल्या मुलांसाठी ऑनलाइन शाखा झाली. प्रवेशासाठी काही प्रश्न जाहीर करतात. ते घरी, सवडीने सोडवून पाठवायचे. निवड झाली की वर्षभर दर आठवड्याला मार्गदर्शकाशी बोलणे. फी नाही. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा एमआयटीच्याच परिवारातले बीव्हर वर्क्सचे उन्हाळी इंजिनियरिंग वर्गही, जिथे मुले आपोआप चालणाऱ्या छोट्या गाड्यांना पळायला शिकवतात, ऑनलाइन करावे लागले. मग जगभर अशा योजनांचे पेवच फुटले.

आणि प्रीमियम परत आला. अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या शोधपत्रकारांच्या संस्थेने २०२३ मध्ये या नव्या बाजारावर मोठा लेख लिहिला. शाळकरी मुलांना 'संशोधक' करून देण्यासाठी कंपन्या साधारण अडीच हजार ते दहा हजार डॉलर घेतात आणि काही ठिकाणी निबंध छापून आणण्याचीही सोय असते, असे त्यात होते. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळावा, ही त्यामागची ओढ. यातले सगळेच मार्गदर्शक वाईट असतील असे मी म्हणणार नाही. पण रॉइसच्या वेळी पैसे देऊन इंजिनाजवळ उभे राहायला मिळत होते. इथे निबंधच आधी ठरलेला असेल, तर मुलीला प्रश्न पडायला जागा कुठे उरली?

आपल्याकडे हे होत नाही असे मात्र नाही. 'आझादीसॅट' हा छोटा उपग्रह चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडिया या संस्थेने देशभरातल्या ७५ शाळांतल्या ७५० मुलींकडून करून घेतला. छोटी छोटी उपकरणे, त्यांचे प्रोग्राम मुलींनी केलेले. ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या नव्या एसएसएलव्ही रॉकेटने उड्डाण केले, पण उपग्रह चुकीच्या कक्षेत पडले आणि निकामी झाले. मुलींचे डोळे भरून आले असतील. १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरा आझादीसॅट कक्षेत नीट पोचला. अंड्यांच्या पेटीला तीन वर्षे लागली, इथे सहा महिने.

तर पुतण्याला मी काय लिहिले? फी द्यावी की नाही ते तुमच्या ऐपतीवर, कर्ज मात्र काढू नका. पैसे भरण्याआधी त्या लोकांना विचारा की मुलीची वही कोण वाचणार. नाव सांगा, त्याची दुसरी मुले किती आहेत ते सांगा. प्रश्न तिचा असेल की तुमच्या यादीतला? आणि प्रयोग फसला तर? "आमच्याकडे फसत नाही, निबंधाची खात्री आहे," असे उत्तर आले तर फोन ठेवून द्या. "फसला तर का फसला ते लिहू," म्हणाले तर बसवा पोरीला. आणि याआधी फी नसलेल्या योजनांचे प्रश्न तिला सोडवून पाहू द्या. निवड नाही झाली तरी ते प्रश्न सोडवताना घालवलेले दोन महिने तिचेच राहतील.

उमेदवारीत 'उमेद' आहे ती शिकणाऱ्याची. पण ती टिकवायला पलीकडे एक माणूस लागतो, कारखान्यात असो, टपालात असो की पडद्यावर. तो असला तर अंतराचे काही वाटत नाही.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरात मुलांनी अशी उमेदवारी केली असेल, फुकटची किंवा फी भरून, तर बरे-वाईट जे असेल ते जरूर कळवा. आमच्या घरातला निर्णय अजून व्हायचा आहे.