आसनाचा हक्क आणि क्लबांची पुनर्विक्री-योजना : इंग्लिश फुटबॉलच्या सामाजिक इतिहासातील एक प्रकरण

१

इंग्लंडमधील मोठे फुटबॉल क्लब आपल्या हंगामी तिकीटधारकांसाठी पुनर्विक्रीच्या योजना चालवितात. वरवर पाहता ही एक साधी सोय आहे. ज्याने संपूर्ण हंगामाचे पैसे आगाऊ भरले आहेत, परंतु ज्याला एखाद्या सामन्यास जाणे शक्य नाही, असा प्रेक्षक आपली जागा त्या दिवसापुरती क्लबकडे सोपवितो. क्लब ती दुसऱ्या इच्छुकास विकतो आणि मूळ धारकाच्या खाती ठरावीक रक्कम जमा करतो. जागा रिकामी राहत नाही, धारकाचे नुकसान होत नाही आणि काळाबाजार करणाऱ्याच्या हाती तिकीट पडत नाही. एवढ्यावरच विचार थांबविला, तर ह्या व्यवस्थेत इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काही उरत नाही.

तथापि ह्या सोयीच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. हंगामाचे पैसे भरल्यानंतर ते आसन कोणाचे? प्रेक्षकाचे असेल, तर ते दुसऱ्यास देण्यासाठी त्याला क्लबची परवानगी का लागावी? क्लबचे असेल, तर प्रेक्षकाने नेमके काय विकत घेतले? ह्या प्रश्नाला रूढीने एक उत्तर दिले, न्यायालयांनी दुसरे दिले आणि संसदेने, कदाचित तसा हेतू नसतानाही, तिसरे दिले. पुनर्विक्री-योजना मुख्यतः ह्या तिसऱ्या उत्तरावर उभी आहे. सुव्यवस्थेसाठी केलेल्या कायद्याने एक सत्ता क्लबांच्या हाती दिली आणि त्या सत्तेचे रूपांतर पुढे व्यापारी अधिकारात झाले, असे ह्या इतिहासावरून दिसून येते.

२

इंग्लंडमध्ये फुटबॉल लीगची स्थापना १८८८ मध्ये १२ क्लबांनी केली. १८९० मध्ये लीगने किमान प्रवेशमूल्य ६ पेन्स ठरविले. त्या काळापासून पुढे सुमारे शंभर वर्षे बहुसंख्य प्रेक्षक सामन्याच्या दिवशी मैदानावर येत, फिरत्या फाटकापाशी नाणी देत आणि पायऱ्यांच्या उघड्या ओट्यांवर उभे राहून खेळ पाहत. त्यांच्या जागेला क्रमांक नव्हता. म्हणून तिच्या हस्तांतराचा प्रश्नही नव्हता. हंगामी तिकिटे होती, पण ती मुख्यतः छपराखाली बसणाऱ्या तुलनेने सुस्थित वर्गाची होती. आपले हंगामी तिकीट भावाला, शेजाऱ्याला किंवा कामावरच्या सोबत्याला एका दिवसापुरते देणे ही सर्वमान्य गोष्ट होती. फाटकावरचा माणूस तिकीट पाही, ते आणणाऱ्याचे नाव विचारीत नसे. रूढीचे उत्तर असे होते : पैसे ज्याने भरले, त्याची जागा.

तिकिटांची टंचाई त्या काळी मुख्यतः मोठ्या सामन्यांपुरती होती. १९२३ मध्ये वेम्ब्ले येथे झालेल्या एफ. ए. चषकाच्या पहिल्या अंतिम सामन्यास अधिकृत नोंदीप्रमाणे १,२६,०४७ लोक उपस्थित होते. प्रत्यक्षात आत शिरलेल्यांची संख्या त्याहून पुष्कळ अधिक होती. गर्दी थेट खेळपट्टीवर आली. पुढील वर्षापासून अंतिम सामन्याचा प्रवेश पूर्णपणे आगाऊ तिकिटांवर ठेवण्यात आला. प्रवेश मर्यादित होताच तिकिटाला छापील किमतीहून वेगळी अशी बाजारातील किंमत आली आणि तिच्यावर जगणारा तिकीट-दलालही आला. ह्या दलालांपैकी सर्वांत प्रसिद्ध झालेला स्टॅन फ्लॅशमन १९८५ मध्ये बार्नेट ह्या क्लबाचाच मालक झाला. दलाल व क्लब ह्यांच्यातील अंतर वाटते तेवढे मोठे नव्हते, एवढे ह्या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

३

ही परिस्थिती बदलली ती एका भीषण दुर्घटनेमुळे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत अखेर ९७ प्रेक्षकांचा बळी गेला. न्यायमूर्ती टेलर ह्यांनी आपल्या अंतरिम अहवालात पोलिसी नियंत्रणाच्या अपयशावर मुख्य ठपका ठेवला. प्रेक्षकांच्या वर्तनाने ही दुर्घटना घडली नाही, असा निर्णय २०१६ मध्ये मृत्यूंच्या फेरचौकशीतील पंचांनीही दिला. जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात टेलर ह्यांनी मैदाने पूर्णपणे आसनयुक्त करावीत अशी शिफारस केली. वरच्या दोन श्रेणींतील क्लबांना त्यासाठी १९९४ पर्यंतची मुदत मिळाली.

ह्या सुधारणेने प्राण वाचविले, ह्याविषयी वाद नाही. पण तिचा एक आर्थिक परिणामही झाला. लिव्हरपूलच्या 'कॉप' ह्या प्रसिद्ध ओट्यावर एके काळी सुमारे २८ हजार लोक उभे राहत; ३० एप्रिल १९९४ रोजी तेथे प्रेक्षक अखेरचे उभे राहिले आणि पुनर्रचनेनंतर तेथे सुमारे १२ हजार आसने उरली. टेलर ह्यांची अपेक्षा दर वाजवी राहावेत अशी होती. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर बसण्यास ६ पौंड व उभे राहण्यास ४ पौंड पडतात, असे उदाहरण त्यांनी दिले होते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाल्यानंतरच्या काळात मात्र दर ह्या मर्यादेत राहिले नाहीत. जागा कमी, मागणी अधिक आणि प्रत्येक जागेला क्रमांक, अशा स्थितीत हंगामी तिकीट हे सुस्थितांची सोय न राहता मैदानात शिरण्याचा जवळजवळ एकमेव खात्रीचा मार्ग बनले.

४

आसनाला क्रमांक आला, तसा प्रेक्षकाच्या मनात त्याच्याविषयी स्वामित्वाचा भावही आला. न्यायालयांनी तो मान्य केला नाही. तिकीट म्हणजे मालमत्ता नव्हे, केवळ प्रवेशाची अनुज्ञा होय, हे तत्त्व १८४५ मध्येच वुड विरुद्ध लेडबिटर ह्या खटल्यात मांडले गेले होते. डॉनकॅस्टरच्या शर्यतींचे तिकीट घेऊन आत आलेल्या गृहस्थास बाहेर काढण्यात आले असता न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. १९१५ च्या हर्स्ट खटल्यात एका चित्रपट-प्रेक्षकाच्या बाजूने निकाल लागून ह्या तत्त्वाची धार काहीशी बोथट झाली; परंतु प्रेक्षकाला मिळाले ते कराराचे संरक्षण, स्वामित्व नव्हे.

न्यूकॅसल युनायटेडच्या प्रकरणात हा भेद कटुतेने प्रकट झाला. १९९४ मध्ये ह्या क्लबाने ५०० पौंडांचे रोखे विकले. हे रोखे घेणाऱ्यांची समजूत अशी होती की दहा वर्षे आपले आसन आपल्याकडेच राहणार. १९९९ मध्ये क्लबाने व्यापारी पाहुण्यांसाठी त्याच भागात जागा करण्याचे ठरविले आणि जुन्या धारकांना अन्यत्र जाण्यास सांगितले. काही प्रेक्षक न्यायालयात गेले. २००० मध्ये अपील न्यायालयातही ते हरले. करारातील बारीक अक्षरांतील अटींनी आसन बदलण्याचा अधिकार क्लबाकडे राखून ठेवला होता. रूढीचे उत्तर येथे निकालात निघाले.

५

तिसरे उत्तर संसदेने दिले. तिकिटांच्या काळ्याबाजारामुळे प्रतिस्पर्धी क्लबांचे समर्थक एकाच भागात येतात आणि त्यातून मारामारीचा धोका संभवतो, ह्या कारणास्तव टेलर ह्यांनी अनधिकृत विक्री गुन्हा ठरवावी असे सुचविले होते. त्यानुसार १९९४ च्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या कलम १६६ अन्वये इंग्लंड व वेल्समध्ये फुटबॉल सामन्याचे तिकीट अनधिकृत व्यक्तीने विकणे हा अपराध ठरला. २००६ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढवून तिकीट अन्य प्रकारे दुसऱ्याच्या हाती देणे, तसेच विक्रीसाठी त्याची जाहिरात करणे, ह्या गोष्टीही त्यात समाविष्ट केल्या.

ह्या कलमाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. ते किमतीविषयी काहीही बोलत नाही. छापील किमतीच्या दहापट दराने विकणारा आणि छापील किमतीलाच विकणारा, दोघेही परवानगी नसल्यास सारखेच अपराधी; आणि सामन्याच्या संयोजकांची लेखी परवानगी असल्यास दोघेही निर्दोष. म्हणजेच कायद्याने नफेखोरीला बंदी केली नाही. कोणी विकावे हे ठरविण्याचा अधिकार तेवढा संयोजकांकडे सोपविला. संगीताच्या कार्यक्रमांना वा रग्बीला हे कलम लागू नव्हते. म्हणूनच रग्बीच्या नियामक संस्थेला छुप्या विक्रेत्यांची नावे मिळविण्यासाठी दिवाणी मार्गाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले; २०१२ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. फुटबॉल क्लबांना असा खटाटोप करण्याचे कारणच नव्हते.

हा अधिकार किती मोलाचा आहे, हे क्लबांच्या लवकरच ध्यानात आले. २००६ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या व्हायागोगो ह्या पुनर्विक्री कंपनीशी मँचेस्टर युनायटेड व चेल्सी ह्यांनी करार केले. २०१२ मध्ये एव्हर्टन व संडरलंड ह्यांनी आणि २०१३ मध्ये टॉटनहॅमने स्टबहब ह्या अमेरिकी कंपनीस अधिकृत केले. अशा बाजारात छापील किमतीहून अधिक दराने विक्री होऊ शकत असे. जो व्यवहार मैदानाबाहेरच्या रस्त्यावर गुन्हा होता, तोच क्लबाच्या सहीनिशी उजळ माथ्याने होऊ लागला. टॉटनहॅमच्या समर्थक-मंडळाने ह्या विसंगतीवर बोट ठेवून विरोध केला. पुढे अनेक क्लबांनी अशा कंपन्यांना दूर करून स्वतःच्याच योजना चालविल्या आणि आपण ठरविलेल्या सामना-दरानेच पुनर्विक्री करण्याचे धोरण स्वीकारले. आर्सेनलची 'टिकेट एक्स्चेंज' ही ह्या जातीच्या योजनांतील एक परिचित योजना होय.

६

स्वतःच्या योजनेत क्लबाचे हित कसे साधते, हे एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. १९९५-९६ च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये २० क्लब असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला १९ घरचे सामने येतात. हंगामी तिकिटाची किंमत ७६० पौंड धरली, तर एका सामन्याचा वाटा ४० पौंड येतो. त्याच आसनाचा सुटा दर ६० पौंड असेल आणि धारकास त्याच्या वाट्याचे ४० पौंड परत मिळत असतील, तर मधले २० पौंड क्लबाकडे राहतात. एकदा विकलेले आसन दुसऱ्यांदा विकले जाते आणि दुसऱ्या विक्रीचा लाभ पहिल्या विकणाऱ्यास होतो. पुनश्च, क्लब सामान्यतः आपली सर्व तिकिटे संपल्यानंतरच अशी आसने विक्रीस काढतो. त्यामुळे कमी मागणीच्या सामन्यात धारकाची जागा वाया जाते, क्लबाची जात नाही.

ह्याचा एक परिणाम इतिहासाच्या साधनांवरही झाला आहे. जुन्या काळचे उपस्थितीचे आकडे बहुतांशी फाटकातून आत गेलेल्यांचे होते. हंगामी तिकिटांच्या काळात अनेक क्लबांनी जाहीर केलेली उपस्थिती ही विकलेल्या तिकिटांची संख्या असते. रिकामे आसनही त्यात मोजले जाते. ह्या दोन काळांचे आकडे शेजारी ठेवून लोकप्रियतेविषयी निष्कर्ष काढणाऱ्याने सावध असले पाहिजे.

आणखी एक बदल अधिक सूक्ष्म आहे. २०२० च्या महासाथीनंतर कागदी तिकिटे व कार्डे ह्यांची जागा मोठ्या प्रमाणावर मोबाइलमधील तिकिटाने घेतली. कोण आला आणि कोण आला नाही, हे क्लबाला कळू लागले. काही क्लबांनी ठरावीक सामन्यांना उपस्थित राहणे किंवा आसन अधिकृतपणे सोडणे ही नूतनीकरणाची अट केली. जे देणे पूर्वी दोन शेजाऱ्यांतील स्नेहाचा व्यवहार होते, ते नोंदणीकृत हस्तांतर झाले. हंगामी तिकीट आता नाटकाच्या तिकिटापेक्षा रेल्वेच्या मासिक पासाच्या अधिक जवळ आले आहे.

७

हा मार्ग अपरिहार्य होता काय? जर्मनीचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हॅम्बुर्ग क्लबाच्या प्रकरणात ११ सप्टेंबर २००८ रोजी असा भेद केला की पुनर्विक्रीच्या हेतूने क्लबाकडून तिकिटे घेणाऱ्या व्यापाऱ्यास क्लब रोखू शकतो. परंतु त्या व्यापाऱ्याने खाजगी व्यक्तींकडून घेतलेली तिकिटे विकण्यास तो त्याच आधारे प्रतिबंध करू शकत नाही. येथे मोकळा व्यवहार काही अंशी शिल्लक राहिला. दुसरा भेद क्लबांच्या घटनेतील आहे. शाल्के ०४ ह्या सभासदांच्या क्लबाने व्हायागोगोशी करार केला. त्यात छापील किमतीच्या दुपटीपर्यंत दर आकारण्याची मुभा होती. सभासदांनी एवढा विरोध केला की जुलै २०१३ मध्ये, करार अंमलात येताच काही दिवसांत, क्लबाने तो संपुष्टात आणला. इंग्लिश क्लब बहुधा खाजगी मालकीच्या कंपन्या असल्याने तेथील समर्थकाला मतदानाचा असा अधिकार नाही. त्याला उठून जाण्याचा अधिकार तेवढा आहे. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ७७ पौंडांच्या नियोजित तिकिटाच्या निषेधार्थ लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला मैदान सोडून गेले, तेव्हा तो त्यांनी वापरला आणि क्लबाने दरवाढ मागे घेतली.

८

क्लबांच्या पुनर्विक्री-योजनांचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू ध्यानात घेतल्या पाहिजेत. वर्षानुवर्षे प्रतीक्षा-यादीत असणाऱ्या तरुणास ह्या योजनांमुळे निदान काही सामने नियमित दराने पाहता येतात. रस्त्यावरच्या दलालापेक्षा ही व्यवस्था निःसंशय अधिक न्याय्य आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने सर्वच जाहीर कार्यक्रमांच्या तिकिटांची मूळ किमतीहून अधिक दराने पुनर्विक्री करण्यास बंदी घालण्याचा मनोदय जाहीर केला. फुटबॉलमधील कलम १६६ शी त्याची तुलना केली असता भेद स्पष्ट दिसतो : एक किंमत बांधू पाहतो, दुसरे विक्रेता बांधते.

ह्या भेदातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. कायद्याने किंमत बांधली असती, तर प्रेक्षकाचा हक्क मर्यादित, पण त्याचाच राहिला असता. विक्रेता बांधल्याने तो हक्क क्लबाच्या मर्जीवर अवलंबून राहिला; क्लब उदार असेल तर योजना उदार, क्लब लोभी असेल तर योजना लोभी. हिल्सबरोनंतर प्रेक्षकाला जी सुरक्षितता मिळाली, ती त्याला मिळायलाच हवी होती. पण त्याच सुधारणेच्या ओघात आपली जागा आपल्या माणसाला देण्याची जुनी मुभा त्याच्या हातून गेली. ती जावी असे कोणी ठरविले नव्हते. ती राखावी असेही कोणी ठरविले नाही.