डोळ्यांची साथ आणि पायांतले बळ

पावसाळ्यात वर्गातल्या एखाद्या मुलाचे डोळे आले की ‘त्याच्याकडे बघू नका रे’ असा ओरडा होतो. नजरेने साथ पसरते हा समज खोटा. पसरते ती हाताने, टॉवेलने, रुमालाने.

जून १९६९ मध्ये घाना देशातील अक्रा शहरात डोळ्यांची एक नवीच साथ आली. पुढच्या महिन्यात अपोलो-११ चंद्रावर उतरले, म्हणून तिकडचे लोक तिला ‘अपोलो’ म्हणू लागले. लागण झाल्यापासून एका दिवसात पापण्या सुजत, वाळू गेल्यासारखे खुपे आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरे. १९७१ मध्ये ती मुंबईत पोहोचली. त्या वर्षी बंगालमध्ये निर्वासितांचे लोंढे येत होते. तिथे तिचे नाव पडले ‘जय बांगला’! (रोगांचे बारसे करण्यात माणसे हुशार.)

उल्हासनगरही निर्वासितांचेच गाव. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली आणि १९४९ मध्ये वसाहतीला हे नाव मिळाले. तिथून, अंबरनाथहून, बदलापूरहून रोज मुंबईला जाणाऱ्यांना लोकलमधली गर्दी ठाऊक आहे. दांडी धरलेला हात डोळ्याला लागला की विषाणूचे काम झाले.

त्याच साथीत मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया ह्यांच्याकडे पायांतले बळ गेलेले काही रुग्ण आले. लक्षणे पोलिओसारखी, पण रुग्ण प्रौढ! विचारपूस केल्यावर धागा सापडला : थोड्याच आठवड्यांपूर्वी त्यांचे डोळे येऊन गेले होते. वाडिया व सहकाऱ्यांनी ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. जपानी संशोधकांनी वेगळा केलेला ह्या साथीचा विषाणू, एन्टेरोव्हायरस-७०, पोलिओच्याच कुळातला निघाला. १९८१ मध्ये साथ परतली, तेव्हा मुंबईत पुन्हा असे रुग्ण दिसले. असा पक्षाघात फार विरळा. पण डोळ्यांचा इतिहास विचारणारा डॉक्टर भेटला नसता, तर हा संबंध कदाचित कळलाच नसता.

उपचाराचे काय? विषाणूने आलेले डोळे बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. थंड पाण्याच्या घड्या, स्वच्छ हात आणि वेगळा टॉवेल एवढे पुरते. प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब आम्हांला सर्वांत धोक्याचे वाटतात : लाली चटकन उतरते, पण आत हर्पिसचा संसर्ग असेल तर बुबुळावर कायमचा डाग पडू शकतो. दिसायला कमी झाले, फार दुखले किंवा उजेड सोसेना, तर नेत्रतज्ज्ञाकडेच जावे.

रांजणवाडीची गोष्ट निराळी. ती पापणीच्या ग्रंथीत जिवाणूंमुळे होते. तिला शेक हवा तो गरम, आणि ती पिळायची नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली आणि काळे चष्मे पुन्हा बाहेर पडले. चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि डोळ्याकडे जाणारा हात थोडा अडतो, इतकेच.