काचेतला समुद्र

ओहोटी लागली म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर खडपांमधून पाण्याची लहानलहान डबकी मागे राहतात. त्यांत इवलेसे मासे पळत असतात, शंखांतले जीव हळूच डोके बाहेर काढतात, आणि तळचा दगड शेवाळाने मखमलीसारखा दिसतो. मुलांना वाटते, हे सारे कळशीत घालून घरी न्यावे. नेतातही; पण दोन-तीन दिवसांतच कळशीला अशी दुर्गंधी सुटते की आई ती परसात नेऊन ओतते. समुद्रात युगानुयुगे न नासणारे पाणी घरात येताच का नासावे? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विलायतेत काही माणसे या प्रश्नाच्या मागे लागली, आणि त्यांच्या खटपटीतून काचेतला समुद्र जन्माला आला.

अ‍ॅना थिन या बाई लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका धर्माधिकाऱ्याच्या पत्नी. १८४६ साली त्या टॉर्की येथे समुद्रकिनारी गेल्या असता त्यांना जिवंत मॅड्रेपोर, म्हणजे पोवळ्याच्या जातीचे दगडी कवचाचे प्राणी, दिसले. ते लंडनला न्यायचे त्यांनी ठरवले. वाटेत आपटून फुटू नयेत म्हणून बाईंनी सुईदोऱ्याने ते स्पंजाला टाचून घेतले! घरी आणल्यावर पाण्याची चिंता सुरू झाली. समुद्र तर दूर. मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळे. हे कंटाळवाणे काम घरची एक लहान मोलकरीण आनंदाने करी. पुढे १८४७ मध्ये बाईंनी दगडाला चिकटलेले जिवंत शेवाळ मागवून त्या पाण्यात ठेवले. त्यांचे मॅड्रेपोर लंडनमध्ये जगले, इतकेच नव्हे तर वाढलेही.

याची शास्त्रीय उकल रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने केली. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने गोड्या पाण्यातल्या दोन माशांची हकीकत सांगितली. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, मासा तो घेतो. माशाने सोडलेला कर्बवायू वनस्पती घेते. पण एवढ्याने भागेना. पाने कुजू लागली, काचेवर हिरवा चिकटा धरला. तेव्हा त्याने पाण्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी ती घाण खाल्ली आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती आणि झाडूवाला, असे हे तिघांचे बिऱ्हाड! पुढे खाऱ्या पाण्यातही त्याने हाच मार्ग धरला. थिनबाईंची हकीकत मात्र छापून आली ती १८५९ साली.

तोवर विलायतेला या छंदाने वेड लावले होते. १८४५ साली काचेवरचा कर उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. घरोघरी टाक्या आल्या; हौसेने त्या खिडकीत, भर उन्हात मांडल्या गेल्या. परिणाम व्हायचा तोच झाला. जे शेवाळ प्राणवायू देणारे, तेच ऊन मिळताच माजले आणि काच झाकून बसले. पाणी हिरवेगार झाले, आतले जीव मेले, आणि टाक्या अडगळीत गेल्या. विल्यम आल्फर्ड लॉइड याला उपाय सापडला तो उलट दिशेने, अंधारात! हिरवे झालेले पाणी अंधाऱ्या हौदात ठेवले तर निवळते. १८७१ साली उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात टाक्यांखाली त्याने असाच मोठा हौद ठेवला आणि पाणी सतत खेळवले.

पण या हौसेची किंमत किनाऱ्याने दिली. गॉसची पुस्तके वाचून माणसे छिन्नी-हातोडे घेऊन निघाली आणि खडकांतली डबकी ओरबाडून ओकी करून आली. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली ‘फादर अँड सन’ या पुस्तकात हे दुःख लिहून ठेवले आहे. सृष्टीवर भक्ती करणाऱ्या आपल्या बापाच्या हातून नकळत हा अनर्थ घडला, याची बापालाही फार टोचणी लागली होती, असे तो सांगतो.

राहिली दगडाची गोष्ट. इतकी वर्षे दगड म्हणजे टाकीची आरास, किंवा माशांना दडायची जागा. १९६१ साली जकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातला जिवंत जीवांनी भरलेला दगडच टाकीत रचून, थोडे हवेचे बुडबुडे सोडून, समुद्र सांभाळण्याची रीत एका अमेरिकन मासिकातून सांगितली. आज आपल्याला त्याचे मर्म कळते. दगडाच्या छिद्राछिद्रांत सूक्ष्म जंतू राहतात आणि माशांच्या मलातले विष ते पचवून टाकतात. म्हणूनच दगड भिंतीसारखे लिंपून रचू नयेत. मध्ये फटी ठेवाव्यात, म्हणजे पाणी खेळते आणि कोपऱ्यात घाण साचत नाही. वाळू उकरणारे जीव असतील तर दगड आधी तळाशी पक्के बसवावेत आणि मग वाळू घालावी. नाहीतर एके रात्री सारा डोंगर कोसळायचा. शेवाळही अजिबात नको असे नाही. ते मापात राहावे म्हणून उजेड आणि माशांचे खाणे, दोन्हींवर हात राखावा लागतो.

आपल्याकडे मात्र किनाऱ्यावरून जिवंत पोवळे उचलणे हा आता गुन्हा आहे. कायद्याने २००१ पासून त्याला वाघाच्या पंक्तीला बसवले आहे, आणि ते योग्यच झाले. तेव्हा या सुट्टीत मुलांना खडपांवर अवश्य न्या. डबक्यापाशी बसून घटकाभर सारे पाहू द्या. कळशी मात्र घरीच ठेवा.